आल्मेरेच्या अंगणातले करप्याला पुरून उरणारे टोमॅटो

नेदरलँड्समधल्या आल्मेरेत टोमॅटो लावायचे असतील तर चवीआधी करप्याचा विचार करा. ऑगस्टच्या भिज पावसात उशिरा येणारा करपा आठवड्याभरात अख्खं झाड काळं करतो. आधी पानाच्या कडेला तेलकट डाग, मागे पांढरी बुरशी, मग हिरव्या फळावर तपकिरी चट्टे.

म्हणून माझी पहिली पसंती ‘क्रिमसन क्रश’. ही संकरित जात २०१५च्या सुमारास ब्रिटनमध्ये आली. पीएच-२ आणि पीएच-३ ही करप्याला रोखणारी दोन्ही जनुकं तिच्यात आहेत. करपा कधीच शिवत नाही असं नव्हे, पण झाड तग धरतं. फळ मोठं, लाल, कोशिंबिरीला झकास!

पण जीव जडलाय तो पिवळ्या, लहान ‘सनविवा’वर. ग्योटिंगेन विद्यापीठाच्या संशोधनातून आलेली ही जात २०१७ मध्ये मुक्त परवान्यावर खुली झाली. बी कुणीही धरावं, वाढवावं, वाटावं. पेटंट मात्र कुणी घ्यायचं नाही. मला हे फार मोलाचं वाटतं.

गावाकडची ‘अर्का रक्षक’ उत्तम, पण तिची ताकद पर्णगुच्छ, मर आणि लवकर येणाऱ्या करप्याविरुद्ध. शिवाय भारतातून बी आणायला वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं.

रोपं बाहेर काढायची ती मेच्या मध्यावरच्या ‘आइसहाइलिगन’नंतर, म्हणजे परंपरेनं रात्रीच्या हिमकडाक्याचे शेवटचे मानले जाणारे दिवस सरल्यावर. इथली पोल्डरची, म्हणजे पाणी हटवून मिळवलेल्या जमिनीची, चिकणमाती जड, म्हणून खड्ड्यात भरपूर कंपोस्ट घाला. बगलफुटी खुडा, खालची पानं काढा आणि पाणी फक्त बुंध्याशी द्या.