मोटारसायकलच्या मुठीला चाप लावावा काय?

नागपूर ते भंडारा हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. मोटारसायकलवर एवढे अंतर कापताना उजवे मनगट भरून येते. ॲक्सिलरेटरची मूठ पिळून धरावी लागते आणि आतली स्प्रिंग तिला सतत बंद बाजूकडे ओढत असते. यावर उपाय म्हणून मूठ हवी तेथे रोखून धरणारा एक चाप बाजारात मिळतो. त्याला थ्रॉटल लॉक म्हणतात. तो बसवावा काय?

प्रथम एक गैरसमज दूर करू. मूठ स्थिर झाली म्हणजे वेग स्थिर झाला, असे नव्हे. समजा, गाडी व स्वार मिळून वस्तुमान २०० किलोग्रॅम आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाला हवेचा व चाकांचा मिळून विरोध ढोबळमानाने ११० न्यूटन धरा. आता उड्डाणपुलावर ५० मीटरला १ मीटर असा चढ लागला. २०० × ९.८ ÷ ५० म्हणजे आणखी सुमारे ३९ न्यूटन! विरोध एकदम तिसऱ्या हिश्शाने वाढला, वेग घटणारच. उतारावर तेच ३९ न्यूटन गाडीला पुढे ढकलतात. वेग कायम राखायचा तर तो मोजून त्याप्रमाणे इंधन कमीजास्त करणारी यंत्रणा हवी. जेम्स वॅटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला जोडलेला फिरत्या गोळ्यांचा नियंत्रक याच तत्त्वाचा. मोटारीसाठी अशी यंत्रणा राल्फ टीटर या अमेरिकन अभियंत्याने काढली व १९५८ साली ती क्रायस्लरच्या मोटारींत आली. टीटर लहानपणापासून अंध होता, हे विशेष.

आता ती स्प्रिंग. हात सुटताच इंजिन मंदावावे, यासाठी ती आहे. मुंबईच्या लोकलमध्ये मोटरमनला नियंत्रकाचा दांडा दाबून धरावा लागतो; दाब सुटला की ब्रेक लागतात, तसेच हे. चाप नेमके हेच संरक्षण काढून घेतो. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ १७ मीटर. साकोलीच्या वाटेवर धानाच्या बांधीतून अचानक बैल रस्त्यावर आला आणि मूठ सोडविण्यात एक सेकंद गेला, तर १७ मीटर हातचे गेले. चांगल्या चापाची मूठ जोर लावून परत फिरविता येते, हे खरे. पण पुढचा ब्रेकही त्याच हाताला असतो. घाबरून नुसता क्लच दाबला, तर भार नाहीसा होऊन इंजिन भलतेच जोरात फिरू लागते. आपल्या रस्त्यांवर हा सौदा मला महाग वाटतो.

त्यापेक्षा मुठीवर अडकविण्याची, तळहाताला टेकू देणारी प्लास्टिकची पट्टी बरी. मुठीची त्रिज्या सुमारे दीड सेंटीमीटर. पट्टीवर साडेचार सेंटीमीटर अंतरावर दाब दिला तर जोर तिसरा हिस्साच लागतो. आणि तळहात उचलला की मूठ आपोआप बंद होते.

मात्र खर्च करण्यापूर्वी इंजिन बंद ठेवून मूठ पूर्ण पिळा व सोडून द्या. हँडल डावीकडे असो वा उजवीकडे, ती झटकन परत आली पाहिजे. आली नाही, तर केबलला तेल हवे आहे किंवा ती बदलायला झाली आहे. मनगट दुखण्याचे कारण बहुधा तेथेच सापडेल.