इंधन कोठे अडले?

मुलांनो, रस्त्यात स्कूटर बंद पडली, तर आपण ती ढकलत कडेला नेतो. पण आकाशात विमानाचे इंजिन बंद पडले तर? तेथे कडेला उभे राहण्याची सोय नसते. म्हणून विमानाच्या इंधनाची तपासणी जमिनीवरच करतात. ती कशी करतात, ते पाहू या.

'सेसना १७२' हे चार आसनांचे लहान विमान आहे. १९५५ साली ते प्रथम उडाले. आजवर अशी चाळीस हजारांहून अधिक विमाने तयार झाली. या विमानाचे पंख वर असतात आणि पंखांतच इंधनाच्या टाक्या असतात. कार्बोरेटर असलेल्या नमुन्यांत इंधन आपल्या वजनानेच खाली उतरते. गच्चीवरच्या टाकीतले पाणी नळाला येते, तसेच हे. टाकी, निवड-कळ, गाळणी, कार्बोरेटर आणि इंजिन अशी ही वाट आहे. या वाटेवर कोठेही अडथळा आला, की इंजिन उपाशी राहते.

अडथळे निरनिराळे असतात. पहिला शत्रू पाणी. रात्री थंडी पडली, की अर्ध्या रिकाम्या टाकीतील हवेतली वाफ गार होते आणि तिचे थेंब बनतात. पाणी इंधनापेक्षा जड असते, म्हणून ते तळाशी बसते. वैमानिक उड्डाणापूर्वी टाकीच्या तळाचे थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून पाहतो. या विमानांत सामान्यतः वापरले जाणारे इंधन निळसर असते. त्याच्या खाली रंगहीन थर दिसला, तर ते पाणी समजावे. मात्र येथे एक फसगत होऊ शकते. पेल्यात सगळे पाणीच आले, तर दोन थर दिसतच नाहीत! म्हणून नुसता थर पाहून चालत नाही, रंगही पाहावा लागतो.

दुसरा अडथळा हवेचा. टाकीतून इंधन बाहेर जाते, तेव्हा त्याच्या जागी हवा आत यावी लागते. त्यासाठी एक बारीक नळी असते. कधी एखादी गांधीलमाशी त्या नळीत मातीचे घर करते. मग हवा आत येत नाही आणि इंधनाची धार हळूहळू बारीक होते. याचा पडताळा तुम्हीही घ्या. प्लॅस्टिकच्या बाटलीच्या तळाशी लहान छिद्र पाडा, तीत पाणी भरा आणि झाकण घट्ट लावा. धार थांबेल. झाकण उघडा, धार पुन्हा सुरू होईल. हा प्रयोग पाण्यानेच करा, पेट्रोलने कधीही करू नका.

आता दोष कसा शोधतात? जाणकार मेकॅनिक दिसेल तो भाग बदलत सुटत नाही. तो कार्बोरेटरजवळ नळी सोडतो आणि एका मिनिटात किती इंधन येते, ते मापाच्या भांड्यात मोजतो. अशा विमानात पूर्ण जोरावर उडताना जेवढे इंधन लागते, त्याच्या दीडपट यायला हवे, असा नियम आहे. तेवढे आले, तर येथपर्यंतची वाट मोकळी आहे. दोष पुढे शोधावा. कमी आले, तर मागे वळून गाळणी, मग निवड-कळ, मग टाकी असे क्रमाने पाहावे. टाकीचे झाकण उघडताच धार वाढली, तर हवेची नळी बंद आहे, हे नक्की.

गाळणीत कचरा सापडला, तरी काम संपत नाही. तो कोठून आला, हेही शोधावे लागते. नाहीतर तो पुन्हा येईल. दुरुस्तीनंतर इंजिन नुसते मंद चालवून समाधान मानत नाहीत. मंद चालताना इंधन थोडेच लागते, त्यामुळे अर्धवट अडलेली नळीही पुरेशी वाटते. खरी परीक्षा पूर्ण जोरावरच होते.

एवढे करूनही हवेत इंजिन थांबलेच, तर विमान दगडासारखे खाली पडत नाही. एक किलोमीटर उंचीवरून हे विमान शांत हवेत सुमारे नऊ किलोमीटर तरंगत जाऊ शकते. वैमानिक आधी योग्य वेग धरतो, उतरण्याजोगे मैदान निवडतो आणि मगच कळ, इंधन व इतर गोष्टी तपासतो. घाबरून भलतीच कळ फिरवणारा हाती असलेला वेळही गमावतो.

मुलांनो, अडचण आकाशातली असो की जमिनीवरची, शांत मनाने आणि क्रमाने शोध घेतला, तरच ती सापडते.

शब्दार्थ
अडथळा – अडवणूक, आड येणारी वस्तू
पारदर्शक – ज्यातून आरपार दिसते असे
फसगत – चुकीची समजूत होणे
पडताळा घेणे – खरे-खोटे तपासून पाहणे

स्वाध्याय
१. टाकीच्या तळाचे इंधन पेल्यात का काढून पाहतात?
२. पेल्यात दोन थर दिसले नाहीत, तरी वैमानिकाने रंग का पाहावा?
३. 'इंजिन उपाशी राहते' म्हणजे काय, ते तुमच्या शब्दांत सांगा.