काटा खाली का येतो?

मोटारीचे आणि सोलापूरचे नाते जुने आहे. भारतात मोटारींचा कारखाना काढण्याचा ध्यास घेतलेले वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरातच जन्मले. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन केली आणि १९४७ पासून तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पण त्या सहकुटुंब बसावयाच्या गाड्या. उघड्या टपाच्या, बसक्या, दोन आसनी स्पोर्ट्‌स मोटारीचे वेड निराळे! जुनी एम. जी. किंवा ट्रायम्फ स्पिटफायर विकाऊ आहे असे नुसते कानी आले, की चिरंजिवांचे जेवणावर लक्ष राहत नाही. वडील बँकेचे पुस्तक कपाटात आणखी आत सरकवतात, आणि आई विचारते, "दोघंच बसणार, मग आम्ही कुठं बसायचं?"

आईच्या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नाही. वडिलांना मात्र एवढेच हवे असते, की वरून चकाकणाऱ्या ह्या गाडीचे इंजिन आतून शाबूत आहे ना? कारण इंजिन खोलावयाची पाळी आली, तर गाडी दोनदा विकत घेतल्यासारखे होते. ह्या बाबतीत पहिली साक्ष देतो तो ऑईलच्या दाबाचा काटा. फक्त त्याची उलटतपासणी नीट झाली पाहिजे.

दाब म्हणजे काय, हे सोलापूरकरांना समजावून सांगावयास नको. नळाला पाणी येण्याच्या दिवशी खालच्या बिऱ्हाडांनी सगळ्या तोट्या सोडल्या की माडीवर धार करंगळीएवढी होते. इंजिनातही तसेच. पंप नुसते ऑईल ढकलतो; दाब उभा राहतो तो बेअरिंग आणि क्रँक ह्यांमधल्या अरुंद फटीमुळे. ही फट साधारण मिलिमीटरच्या विसाव्या हिश्श्याएवढी. झिजून ती दुप्पट झाली, तर गळती दुप्पट नव्हे, आठपट होते. त्यात ऑईल तापले की पातळ होते. २०-५० जातीचे ऑईल ४० अंशांवर असते, त्याच्या सुमारे नवव्या हिश्श्याइतकेच घट्ट १०० अंशांवर उरते. म्हणून थंड इंजिनावरचा काटा पाहून खूष होणे व्यर्थ होय. विकणाऱ्याने सकाळच्या गारव्यात बटन दाबून काटा ६० वर नेऊन दाखविला, तर त्याचे कौतुक करावे आणि गाडी तुळजापूरच्या रस्त्यावर चांगली अर्धा तास पळवून आणावी. मे महिन्यातली दुपार मिळाली तर अधिक बरे.

एम. जी. बी.चे पुस्तक सांगते, की तापलेल्या इंजिनाचा दाब रस्त्यावर ५० ते ८० पौंड आणि जागच्या जागी १० ते २५ पौंड असावा. तेव्हा सिग्नलपाशी काटा १५ वर टेकला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. स्पिटफायरला तर काटाच नाही, आहे तो लाल दिवा. आणि तो दिवा ऑईलची पातळी दाखवतो हा समज सपशेल खोटा आहे. चालत्या गाडीत तो लागला याचा अर्थ दाब जवळजवळ संपला. गाडी तिथेच बंद करावी. "पुढच्या पंपापर्यंत नेऊ" म्हणणाऱ्यांनीच क्रँक ग्राइंडिंगवाल्यांचे संसार चालविले आहेत.

आता काटा खरोखरच खाली आहे असे समजा. पुष्कळ गॅरेजांत ह्यावर एकच औषध असते: इंजिनकाम! आमचे मत असे, की स्वस्तातली तपासणी संपल्याखेरीज पाना उचलू देऊ नये. पट्टी काढून ऑईलची पातळी पाहावी, मग त्याचा वास घ्यावा. पेट्रोलचा वास आला, तर जुन्या पेट्रोलपंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरात उतरत असावे. पडदा बदला, ऑईल बदला, आजार तिथेच संपेल. ऑईल ताकासारखे पांढुरके दिसले तर आत पाणी आहे. फिल्टर किती वर्षांचा, हेही विचारावे.

त्यानंतर साक्षीदाराचीच परीक्षा. जुने काटे खोटे बोलतात, आणि दिव्याचा स्विच तर हमखास. स्विच काढून त्या भोकात तपासणीचे साधे यांत्रिक गेज लावले, की खरे-खोटे पाच मिनिटांत कळते.

खऱ्या रोगाचे निदान काट्याच्या वागण्यावरून होते, आणि हा भाग मोठा गमतीचा आहे. थंडपणी दाब उत्तम, तापल्यावर जागच्या जागी घसरतो, अ‍ॅक्सिलरेटर दिला की पुन्हा चढतो: बेअरिंगांची झीज. थंड असो वा गरम, सर्वकाळ दाब कमी: पंप झिजला असेल, नाहीतर जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेत कचरा अडकून ती उघडी राहिली असेल. एम. जी. बी.त ही झडप इंजिनाच्या अंगावर बाहेरूनच, एका मोठ्या नटाखाली सापडते. साफ करावयास तासभर पुरे. दाब फक्त वळणावर किंवा ब्रेक मारताना पडतो: चेंबरात ऑईल कमी आहे. वेग वाढवावा तसा दाब उतरतो: चेंबरातली जाळी तुंबली आहे.

एका लबाडीपासून सावध राहावे. त्या झडपेच्या स्प्रिंगखाली वायसर घातला की रस्त्यावरचा वरचा आकडा वाढतो. झिजलेली बेअरिंगे मात्र तशीच राहतात, आणि तापल्यावर जागच्या जागी काटा पहिल्यासारखाच लोळतो. दाट ऑईल ओतून झाकपाक करणेही ह्याच जातीचे. म्हणून फिल्टर काढून कापून पाहावा. त्याच्या घड्यांत चकाकणारी चांदीची किंवा तांब्याची बारीक कणी सापडली, तर विक्रेत्याशी बोलणे इंजिनकामाचा खर्च वजा करूनच करावे. गाडी चढावर ओढताना खालून जड ठोके येत असतील, तर तेच समजावे.

स्पिटफायरवाल्यांची एक सोय आहे. तिचे इंजिन १९६१ पासून मद्रासला बनू लागलेल्या स्टँडर्ड हेराल्डच्याच घराण्यातले. त्यामुळे हेराल्ड खोललेला म्हातारा मिस्त्री मिळाला तर त्याला सोडू नये. तो काट्याआधी क्लच दाबावयास लावील आणि पुढची पुली पुढे सरकते का पाहील. सरकलेली डोळ्यांना दिसली, तर क्रँकचे थ्रस्ट वायसर गेले. ह्या घराण्याचा तो ठरलेला विकार आहे.

एवढे सगळे करूनही चेंबर उतरवावेच लागले, तर क्रँकचे माप आपल्यासमोर मायक्रोमीटरने घ्यावयास सांगावे. गुळगुळीत आणि गोल असेल तर नव्या शेल बेअरिंगांवर भागते, ओरखडे असतील तर ग्राइंडिंग करून पुढच्या मापाची बसवावी लागतात. आणि काम झाल्यावर घाईने गाडी सुरू करू नये. आधी प्लग काढून नुसता स्टार्टर फिरवावा. पंपात ऑईल चढून काटा हलला, की मग प्लग बसवावेत.