हेरल्ड, तुकड्या-तुकड्यानं

माझगावात गाडी गंजणार, हे धरूनच चालायचं. बंदरावरून येणारा खारा वारा पत्र्याची गय करत नाही. मी गोदीत फिटर होतो, म्हणजे गंज माझा जुना वैरी. निवृत्तीनंतर त्याच्याशी पुन्हा गाठ पडली ती स्टँडर्ड हेरल्डमुळे.

साठच्या दशकात आपल्याकडे मोटार म्हणजे अ‍ॅम्बेसेडर, फियाट आणि तिसरी ही. १९६१पासून ती मद्रासला बनायची. मूळची इंग्लंडची ट्रायम्फ. घाट मात्र जोवान्नी मिकेलोत्ती या इटालियन माणसाचा. तिचीच चासी आखूड करून ट्रायम्फनं १९६२ साली स्पिटफायर ही दोन सीटची स्पोर्ट्स कार काढली. म्हणून मी हेरल्डला स्पोर्ट्स कारची थोरली बहीण म्हणतो. वळायला तिला २५ फुटांचं वर्तुळ पुरतं. म्हातारपाखाडीच्या बोळांशी गाठ पडली की या गुणाची किंमत कळते.

इंग्लंडमध्ये ट्रायम्फला बॉड्या पुरवणारा कारखाना प्रतिस्पर्धी कंपनीनं विकत घेतला होता. मग ट्रायम्फनं हेरल्डची बॉडी सुट्या तुकड्यांत बनवून बोल्टांनी जोडली. त्यांची ती अडचण आज माझ्या पथ्यावर पडते, कारण एकेक भाग सुटा काढता येतो. लोक हौसेनं अख्खी गाडी उघडतात, नट-बोल्ट डब्यांत जातात, पैसे संपतात आणि शेवटी भंगारवाला येतो. मी एका वेळी एकच काम काढतो आणि ते झालं की गाडी फिरवून आणतो. आधी ब्रेक, मग स्टीअरिंग, मग वायरिंग. रंग सर्वांत शेवटी. बायको म्हणते, रंग आधी द्या, निदान शेजारी तरी गप्प बसतील.

जीव अडकलाय तो पुढच्या चाकांच्या ट्रनियनमध्ये. चाकाचा उभा दांडा खाली आट्यांनी या भागात बसतो आणि स्टीअरिंगबरोबर त्यात फिरतो. इथे ग्रीस नको, ९० नंबरचं गिअर ऑइल हवं. ग्रीस घट्ट होतं, आटे कोरडे पडतात, दांडा झिजून मोडतो आणि चालत्या गाडीचं चाक आडवं होतं. गॅरेजवाला निप्पल दिसलं की ग्रीस मारतो, म्हणून मी हे काम कुणाला देत नाही. ट्रनियन इंग्लंडहून मागवले. स्पिटफायरचे हेरल्डला बसतात, आणि स्पिटफायरचे वेडे तिकडे भरपूर असल्यानं ते अजून नवे बनतात. बाकीला आपला दारूखाना आहेच. जहाजं फोडण्याच्या धंद्यावर वाढलेला हा बाजार. पत्रा, लेथ, वेल्डर सगळं हाताशी. हल्लीच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलनं जुनं रबर खराब होतं, तेव्हा होज आणि पंपाचा डायफ्रॅमही बदलून घेतला.

२०२१च्या केंद्रीय नियमांनी ५० वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेचा वेगळा नंबर दिलाय. नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल केलेले असले तर हा नंबर मिळत नाही. तेव्हा जुनी गाडी बघायला जाल तर बॉनेटवरच्या चकाकीला भुलू नका. आधी आरसी बुक मागा, त्यातला चासी नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा, मग कार्पेट उचलून चासीला स्क्रूड्रायव्हर टोचा. आत गेला, तर सौदा सोडून द्या.