धूर जातो कोठें?

जुन्या घरांतील स्वयंपाकघर ओळखावयाचें तें त्याच्या आढ्यावरून. वर्षानुवर्षें चुलीचा धूर लागून तुळया काळ्याकुळकुळीत झालेल्या असत, कोनाकोपऱ्यांतून काजळीचीं जाळीं लोंबत, आणि दिवाळीस भिंतींना दिलेला चुना शिमग्याच्या आधींच पिवळट पडे. गृहिणीचे डोळे लाल असत, पण त्याचें कोणासच नवल वाटत नसे. धूर हा संसाराचा एक भागच मानलेला. छपराला सवणें ठेवलें, कौलांत फट राखली, किंवा परसाकडे एक खिडकी काढली कीं धुराची व्यवस्था लागली, अशी सर्वांची समजूत. धूर घराबाहेर गेला म्हणजे तो नाहींसा झाला, या समजुतीवर केवळ खेड्यांतील घरेंच नव्हेत, तर मोठमोठीं राजधानीचीं शहरेंहि उभीं राहिलीं. ती समजूत किती महाग पडते, हें लंडन शहरास १९५२ सालीं कळून आलें.

लंडनचें धुकें पूर्वींपासून प्रसिद्धच होतें. त्या काळीं तेथील बहुतेक घरांत भिंतींतल्या उघड्या आगटींत दगडी कोळसा जळत असे. महायुद्धानें देश कर्जबाजारी झालेला. तेव्हां उत्तम कोळसा परदेशीं विकून चलन मिळवावयाचें आणि घरीं हलक्या प्रतीचा, गंधकाचा अंश असलेला कोळसा जाळावयाचा, असा क्रम पडला होता. ५ डिसेंबर रोजीं, शुक्रवारीं, कडाक्याची थंडी पडली. एरवीं जमिनीलगतची ऊन हवा वर चढते आणि धुरास आपल्याबरोबर घेऊन जाते. त्या दिवसांत मात्र वर उबदार हवेचा थर व खालीं थंड हवा अशी उलटी मांडणी झाली. वारा अगदीं पडला. शहरावर जणूं झांकण बसलें. थंडी वाजते म्हणून लोकांनीं आगटींत अधिक कोळसा टाकला, आणि तो धूर झांकणाखालीं सांचत गेला.

पुढील चार दिवस लंडनमध्यें माणसास स्वतःचा पसरलेला हात दिसेनासा झाला. बसगाड्यांपुढें कंदील धरून माणसें चालत. नंतर गाड्याच बंद पडल्या. एका नाट्यगृहांत धुकें आंत शिरल्यामुळें प्रेक्षकांस रंगभूमि दिसेना, म्हणून चालू संगीतिका मध्येंच थांबवावी लागली. पशुप्रदर्शनासाठीं आणलेलीं कांहीं धष्टपुष्ट जनावरें गुदमरून दगावलीं. इतकें होऊनहि शहरांत कोठें हाहाकार म्हणून झाला नाहीं. म्हाताऱ्या माणसांस दम लागत होता, तान्हीं मुलें खोकत होतीं. पण हिंवाळ्यांत हें व्हावयाचेंच, असें घरोघर वाटत होतें. मंगळवारीं वारा सुटला आणि आकाश मोकळें झालें. त्यानंतर मृत्यूच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या तेव्हां आढळलें कीं, नेहमींच्या मानानें सुमारें चार हजार माणसें अधिक मेलीं होतीं. पुढले दोनतीन महिनेहि मृत्यूचें प्रमाण चढेंच राहिलें. सरकारी अहवालानें त्याचें खापर इन्फ्लुएंझावर फोडलें. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर संशोधकांनीं तो हिशेब पुन्हां मांडला, तेव्हां एकूण आकडा बारा हजारांच्या घरांत जातो, असें दिसून आलें.

कोळसा काय, लांकूड काय, दोन्हींचा मूळ घटक कर्ब. त्यास भरपूर प्राणवायु व पुरेशी उष्णता मिळाली तर तो पुरा जळून जातो, आणि डोळ्यांस दिसेल असा धूर फारसा होत नाहीं. परंतु चुलींत किंवा आगटींत असें पूर्ण ज्वलन कधींच होत नाहीं. अर्धवट जळालेल्या कर्बाचे बारीक कण, कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु, आणि कर्करोगास कारण होणारीं बेंझीनसारखीं कित्येक द्रव्यें त्यांतून बाहेर पडतात. कोळशांत गंधक असला तर गंधकाचा वायु निघतो आणि ओलसर हवेंत त्याचें तीव्र अम्ल बनतें. लंडनच्या लोकांनीं त्या चार दिवसांत जें श्वासावाटे घेतलें तें नुसतें धुकें नव्हतें. त्या धुक्याच्या थेंबांत गंधकाम्ल मिसळलेलें होतें.

यांतील सर्वांत घातक भाग डोळ्यांस दिसत नाहीं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा. डोक्याचा केस पन्नास ते सत्तर मायक्रॉन जाड असतो. धुरांतील ज्या कणांची आतां शास्त्रज्ञ मोजदाद करतात ते अडीच मायक्रॉन किंवा त्याहूनहि बारीक. मोठी धूळ नाकांतील केसांत आणि घशांतील ओलाव्यांत अडकते, शिंकेनें व खोकल्यानें बाहेर पडते. हे सूक्ष्म कण मात्र कोठेंहि न अडतां फुफ्फुसाच्या अगदीं शेवटच्या कोषांपर्यंत पोंचतात. तेथें दाह सुरू होतो, आणि त्या दाहाचा परिणाम रक्तावाटे साऱ्या शरीरावर होतो. म्हणूनच धुराचा रोग म्हणजे खोकला किंवा दमा एवढाच नव्हे. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात हेहि त्याचेच बळी गोळा करीत असतात. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं असें ठरविलें कीं, एक घनमीटर हवेंत अशा कणांचें वार्षिक सरासरी वजन पांच मायक्रोग्रॅमपेक्षां अधिक असूं नये. भारत सरकारची २००९ सालीं घालून दिलेली मर्यादा चाळीसची आहे. मर्यादा आठ पट सैल केल्यानें फुफ्फुसें कांहीं आठ पट कणखर होत नाहींत.

धूर थांबला तर आजार थांबतात काय, अशी शंका घेणारे पुष्कळ असतात. तिचें उत्तर अमेरिकेंतील यूटा राज्यांतल्या एका खोऱ्यानें अनायासें दिलें. तेथील पोलादाचा कारखाना मजुरांशीं झालेल्या तंट्यामुळें १९८६ च्या ऑगस्टपासून सुमारें तेरा महिने बंद राहिला. त्या हिंवाळ्यांत छातीच्या विकारानें रुग्णालयांत भरती झालेल्या मुलांची संख्या, कारखाना चालू असतांनाच्या हिंवाळ्यांच्या मानानें, निम्म्यावर किंवा त्याहूनहि खालीं आली. कारखाना पुन्हां सुरू झाला आणि मुलें पुन्हां रुग्णालयांत येऊं लागलीं.

लंडनकरांनीं आपल्या दुःखांतून दोन मार्ग काढले, आणि दोहोंचें फळ अगदीं भिन्न आलें. १९५६ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें शुद्ध हवेचा कायदा केला. शहरांत धूरबंदीचे विभाग आंखले गेले, घरमालकांस आगट्या बदलण्यासाठीं सरकारी पैसा मिळाला, आणि कोळशाच्या जागीं विना-धुराचें इंधन, वीज व पुढें समुद्रातळचा नैसर्गिक वायु आला. हा मार्ग धूर न करण्याचा. दुसरा मार्ग धूर लांब पाठविण्याचा. वीजकेंद्रांस उंचच उंच धुराडीं बांधलीं गेलीं. त्यामुळें शहरांतील हवा निवळली खरी, पण तो गंधकाचा वायु वाऱ्यावर बसून समुद्र ओलांडून गेला. नॉर्वे व स्वीडनमध्यें पाऊस आंबट पडूं लागला, तळीं अम्लधर्मी होऊन त्यांतील मासे मेले. १९६० नंतरच्या दशकांत स्वीडिश शास्त्रज्ञ स्वांटे ओडेन यांनीं त्या पावसाचें मूळ परदेशच्या धुराड्यांत आहे असें दाखविलें, तेव्हां प्रथम कोणास विश्वास वाटेना.

ही निवड मुंबईसहि करावी लागली होती, आणि ती लंडनच्या पुष्कळ आधीं. विसाव्या शतकाच्या आरंभीं परळ-लालबागच्या गिरण्यांतील बाष्पयंत्रें कोळशावर चालत. धुराचा उपद्रव इतका वाढला कीं १९१२ सालीं त्याविरुद्ध मुंबई इलाख्यांत खास कायदा करावा लागला. परंतु दंडानें साधलें नसतें तें पाण्यानें साधलें. जमशेटजी टाटा यांनीं मनांत धरलेली आणि त्यांच्या मागें पुरी झालेली योजना अशी होती कीं, सह्याद्रीवर कोसळणारा पाऊस लोणावळा, वळवण व शिरवटा येथील तलावांत सांठवावा, खोपोलीस तो सुमारें सतराशें फूट खालीं सोडून त्यावर वीज निर्माण करावी, आणि ती तारांनीं मुंबईस न्यावी. १९१५ सालीं ही वीज गिरण्यांत खेळूं लागली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं मुंबईहून कुर्ल्यापर्यंत विजेची पहिली आगगाडी धांवली, आणि उपनगरांतील चाकरमान्यांच्या सदऱ्यावर पडणारी कोळशाची कीस हळूहळू थांबली. येथें धूर लांब गेला नव्हता, तो झालाच नव्हता.

मात्र हा आनंद अविभक्त राहिला नाहीं. विजेची भूक वाढत गेली. रेल्वेनें ठाकुर्लीस आपलें स्वतंत्र वीजघर बांधलें, तें कोळशावर. पुढें राज्यांतील मोठीं वीजकेंद्रें कोळशाच्या खाणींजवळ विदर्भांत उभारलीं गेलीं. चंद्रपूरचें केंद्र त्यांतील मोठ्या केंद्रांपैकीं एक. आज पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत बटण दाबलें कीं पंखा फिरतो, आणि खोलींत धुराचा वासहि येत नाहीं. पण त्या विजेचा मोठा हिस्सा कोळसा जाळूनच येतो, आणि त्याचा धूर व राख चंद्रपूर-कोराडीच्या लोकांच्या वांट्यास जाते. २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें चंद्रपूरची गणना देशांतील अतिप्रदूषित क्षेत्रांत केली. आपल्याकडील नियमाप्रमाणें पांचशें मेगावॉटच्या संचास २७५ मीटर उंचीचें धुराडें लागतें. म्हणजे कुतुबमिनाराच्या सुमारें पावणेचार पट. उंची वाढविल्यानें गंधकाचा वायु पायथ्याशीं पडत नाहीं इतकेंच. वाटेंत त्याचेच सूक्ष्म कण बनतात आणि शेंकडों मैल दूरच्या गांवीं श्वासांत मिसळतात. हा वायु धुराड्यांतच धुऊन काढणारी यंत्रें मिळतात. डिसेंबर १९१५ नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनीं, डिसेंबर २०१५ मध्यें, केंद्र सरकारनें नवीं बंधनें घातलीं तेव्हां तीं दोन वर्षांत बसविलीं जावींत अशी अपेक्षा होती. मुदत पुन्हां पुन्हां वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्यें बहुसंख्य केंद्रांना त्यांतून सूटच देण्यांत आली.

आतां पुन्हां स्वयंपाकघराकडे वळलें पाहिजे. कारण जगांत धुरानें होणाऱ्या मृत्यूंचा मोठा वांटा अद्याप तेथेंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०२० या एका वर्षांत घरांतील धुरामुळें सुमारें बत्तीस लाख माणसें दगावलीं, आणि त्यांत पांच वर्षांखालील मुलें दोन लाखांहून अधिक होतीं. इंधनांची एक उतरंड आहे. सर्वांत तळाशीं गोवरी, तिच्या लगत तुराट्या-पऱ्हाट्या, मग लांकूड, त्यावर रॉकेल, आणि वर गॅस व वीज. लोणारी कोळसा यांत फसवा. शेगडींतून धूर दिसत नाहीं म्हणून ती निर्धोक वाटते. पण तिच्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वास नसलेला, रंग नसलेला, आणि रक्तांतील लाल द्रव्याशीं प्राणवायूपेक्षां दोनशें पटींहून अधिक घट्ट जडणारा आहे. थंडीच्या रात्रीं दारें लावून शेगडी उशाशीं ठेवून निजलेलीं माणसें सकाळीं उठत नाहींत तीं यामुळें.

चुलीचा धूर प्रत्यक्ष मोजावा असें फार उशिरां कोणास सुचलें. १९८० नंतर अमेरिकन शास्त्रज्ञ कर्क स्मिथ व त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनीं गुजराथेंतील कांहीं खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावर छोटीं यंत्रें अडकवून त्यांच्या श्वासाजवळची हवा तपासली. शहरांतील गजबजलेल्या रस्त्यावर सांपडणार नाहीं इतकी धुराची दाटी त्या चुलीपुढें सांपडली. आई भाकरी थापीत असते तेव्हां पाळण्यांतलें मूल बहुधा तिच्या जवळपासच असतें, आणि मोठ्या माणसापेक्षां त्याचा श्वास जलद चालतो.

यावरहि प्रथम धुराड्याचाच उपाय सुचला. १९४० नंतरच्या दशकांत वर्ध्याच्या मगनवाडींत बिनधुराची मगन चूल तयार झाली. १९८३ पासून सरकारनें सुधारलेल्या चुलींची देशव्यापी योजना चालविली. त्यांतील हेतु उत्तम होता, आणि नवी चूल घरांतील धूर कांहीं अंशीं कमीहि करी. पण नळी बुजली, मातीला तडा गेला, कीं दुरुस्त करावयास कोणी येत नसे. आणि नळी शाबूत असली तरी धूर शेजारच्या खिडकींतून आंत येई. दाट वस्तींत एका घराचें बाहेर म्हणजे दुसऱ्या घराचें आंत.

१ मे २०१६ रोजीं उज्ज्वला योजना सुरू झाली आणि तिच्याखालीं दहा कोटींहून अधिक गॅसजोडण्या गरीब घरांतील स्त्रियांच्या नांवें दिल्या गेल्या. हें काम लहान नव्हे. तरीहि २०१९ ते २०२१ मधील राष्ट्रीय कुटुंब पाहणींत स्वच्छ इंधनावर शिजविणारीं घरें सुमारें ५९ टक्केच आढळलीं. जोडणी एकदां मिळते, सिलिंडर दर महिन्यास भरावा लागतो. मजुरीचा खाडा पडला कीं तो कोपऱ्यांत उभा राहतो आणि चूल पेटते. पुष्कळ घरांत चहा गॅसवर, भाकरी चुलीवर, असा समझोता चालतो, आणि अर्धा धूर कमी झाला म्हणजे अर्धा धोका टळला, असा हिशेब मनांत असतो. शरीराचा हिशेब तसा नाहीं. धुराच्या पहिल्या थोड्या मात्रेनेंच मोठें नुकसान होऊन जातें. पुढें मात्रा दुप्पट झाली तरी नुकसान त्या मानानें कमी वाढतें. म्हणजे उतरतांनाहि वरच्या पायऱ्यांवर लाभ थोडा, आणि खरा लाभ अगदीं शेवटच्या पायरीवर.

ही शेवटची पायरी बहुतेक घरांत स्वयंपाकाची नसतेच. गॅस आलेल्या घरीं जाऊन पाहिलें तर ओट्यावर शेगडी लखलखीत असते, आणि मागच्या अंगणांत, न्हाणीच्या भिंतीलगत, तीन दगडांवर आंघोळीच्या पाण्याचें भगुणें चढलेलें असतें. खालीं ओल्या फांद्या, जुनीं पुठ्ठ्याचीं खोकीं, कधीं प्लॅस्टिकची फाटकी पिशवीहि. पाण्यासाठीं गॅस कोण जाळणार, असा घरांतील वडील माणसाचा सवाल असतो. पहांटेची वेळ, हवा थंड व पडलेली. तो धूर जमिनीलगत पसरतो, आणि शाळेस निघालेलीं मुलें त्यांतून जातात.