वेतोबाच्या वहाणा

वेंगुर्ल्याहून आरवलीस जायला एस.टी. आहे, रिक्षा आहे, ऐपत असली तर स्वतःची मोटार आहे. असे असता गेल्या भाद्रपदात माझे मामा आणि मी ते १२-१५ किलोमीटर पायी निघालो, ते काही हौसेने नव्हे. मामांचा नवस होता. गुडघा सुजून दोन पावसाळे ते ओटीवरून अंगणात उतरले नव्हते. गुडघा वाकू दे, चालत येईन आणि वहाणा वाहीन, असे त्यांनी वेतोबाला कबूल केले होते. वेतोबा हे आरवलीचे ग्रामदैवत. रात्री तो राखणीला हिंडतो, हिंडून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भक्त नव्या आणून देतात, अशी इकडची समजूत. मामांच्या पिशवीत तसलीच हातभर लांब जोडी होती. पिशवी मी मागितली. त्यांनी दिली नाही.

"रस्त्यानंच जाऊ या की," मी म्हणालो.

"रस्तो गाड्यांचो. माका वाट ठावक आसा."

मोचेमाडच्या अलीकडे चढ चढून कातळावर आलो. वाचकहो, कोकणचा सडा तुम्ही चैत्रात पाहिला असेल तर तो विसरा. तव्यासारखा तापणारा हा जांभा पावसात पाण्याने डबडबतो. खळग्यांत बोटभर माती, तीवर शेवाळ, आणि पाऊल टाकावे तिथे पचपच. त्या ओलीत निळी 'सीतेची आसवे' फुलली होती, शेजारी 'दवबिंदू'. दोन्ही मांसाहारी! निकस मातीत पोषण नाही, म्हणून एक चिकट थेंबांवर किडे धरते, तर दुसरी पाण्यातले सूक्ष्म जीव इवल्या फुग्यांत ओढून घेते. इतक्या गोड नावांच्या वनस्पतींनी असे वागावे, याचे मराठीचा अध्यापक म्हणून मला वाईट वाटले.

इंग्लंडात अशाच दलदलीच्या माळांवरून 'पेनाइन वे' ही २६८ मैलांची पायवाट जाते. ती १९६५ साली खुली झाली. पुढे चालणाऱ्यांच्या बुटांनी माळ इतका उकरला गेला, की जुन्या कापडगिरण्यांच्या फरश्या आणून चिखलात अंथराव्या लागल्या. हे मी मामांना सांगितले. तीस वर्षे मुंबईच्या गिरणीत काढलेले मामा थबकले.

"आमच्या गिरणीची फरशी खंय गेली रे?"

मला काय ठाऊक!

उतरलो तो खाडीकाठचे खाजण लागले. मामा मेरेवरून पावलापुढे पाऊल टाकीत चालले होते. मला मात्र चिपीच्या झाडांतून जवळची वाट दिसली.

"थंय पाय घालू नको, रुततलंस!"

हे ऐकू आले तेव्हा मी गुडघाभर रुतलो होतो. एक पाय ओढावा तो दुसरा आणखी खाली जाई. मांडीपर्यंत गेलो आणि माझे हसू मावळले. भरतीचे पाणी चिपीच्या मुळांशी येऊ लागले होते. मामांनी पिशवी मेरेवर ठेवली, पडलेले एक माडाचे चुडत ओढीत आणून चिखलावर टाकले, आणि त्यावर गुडघा टेकला. तोच गुडघा!

"मामा, तुम्ही येऊ नका!"

"गप. आडवो पड. पाय हळूहळू हलय, वडू नको."

चिखलात उताणा पडण्याइतकी अब्रू त्या घटकेला कोणाला आठवते? पडलो. पायांभोवती पाणी शिरले, चिखल सैल झाला, आणि मामांचा हात धरून मी चुडतावर आलो. चपला खाजणाने ठेवून घेतल्या.

टांकच्या पुढे एका विहिरीवर अंग धुतले. आरवली हे जयवंत दळवींचे गाव. पलीकडच्या शिरोड्यास खांडेकर १९२० ते १९३८ मास्तर होते. दरवर्षी वर्गात मी हे ऐटीत सांगतो. त्या दिवशी काटे चुकवीत, खाली मान घालून गावात शिरलो.

देवळात माणसाहून उंच वेतोबा उभा. मामांनी वहाणा ठेवल्या, खाली वाकून नमस्कार केला, आणि त्यांना उठवेना. मी घाईने हात दिला.

"गुडघा दुखतोय का हो?"

"वाकलो मा?" मामा म्हणाले.

मग एस.टी.च्या थांब्याकडे निघालो. मी अनवाणी.