पारघाट व रडतोंडीचा घाट

महाबळेश्वराहून प्रतापगडास जाणारे प्रवासी आंबेनळीच्या सडकेनें उतरतात, आणि अफझलखान याच वाटेनें आला असें सहज समजतात. हा समज चुकीचा आहे. ती सडक इंग्रजी अमदानींतील. १८७६ सालीं ती खुली झाली व फिट्झजेराल्ड या गव्हर्नराच्या नांवानें ओळखली जात असे. तत्पूर्वीं वांईकडून कोंकणांत उतरण्याचा वाहता मार्ग म्हणजे पारघाट.

हा मार्ग एका उताराचा नव्हे, दोन उतारांचा आहे; हें ध्यानांत घेतल्यावांचून जावळीचें मर्म कळत नाहीं. वांईचा वाटसरू प्रथम महाबळेश्वराचें पठार चढतो. तेथून रडतोंडीच्या घाटानें पश्चिमेस उतरला, तरी तो कोंकणांत पोंचत नाहीं. कोयनेच्या खोऱ्यांत पार गांवीं येतो. मागें पठाराचा कडा, पुढें सह्याद्रीची मुख्य रांग, आणि त्या रांगेवर प्रतापगड. ही रांग ओलांडून पारघाट खालीं उतरतो, तेव्हां सावित्रीकांठचें महाड व बाणकोटची खाडी देशास जोडली जाते. मीठ, नारळ वर व धान्य, गूळ खालीं, अशी ही बैलांच्या पाठीवरची ने-आण. रडतोंडी हें नांव चढणाऱ्याच्या मुद्रेवरून पडलें असें सांगतात; ज्यानें तो घाट चढला असेल, त्यास दुसऱ्या व्युत्पत्तीची गरज भासणार नाहीं.

मधल्या खोऱ्याचा जो धनी, तोच दोन्ही घाटांचा धनी. चंद्रराव मोऱ्यांचें बळ यांतच होतें. १६५६ च्या जानेवारींत शिवाजी महाराजांनीं जावळी घेतली व मोरोपंत पिंगळ्यांकडून भोरप्याच्या डोंगरावर प्रतापगड बांधविला, तो हें ओळखूनच. मार्गशीर्ष शुद्ध ७, शके १५८१, म्हणजे १० नोव्हेंबर १६५९ रोजीं त्याचा प्रत्यय आला. वांईस खानाच्या घोडदळास मोकळें रान होतें. पारास उतरल्यावर दाट झाडी होती, आणि परतीची सरळ वाट म्हणजे तोच उभा चढ. खान पडतांच झाडींतील मावळे तळावर तुटून पडले. थोडे निसटले, बाकीच्यांस खोऱ्यानेंच धरून ठेविलें.

कवींद्र परमानंद शिवभारतांत जावळीस ‘जयवल्ली’ म्हणतो. त्यावरून कोणी मूळ नांव तेंच होतें असें म्हणूं लागेल, तर आम्हांस तें मान्य नाहीं. ग्रामनामांस संस्कृत वेष चढविण्याची कवींची ही रीतच आहे. येथें तो वेष शोभला इतकेंच.

पार येथें रामवरदायिनीचें देऊळ व कोयनेवरील जुना दगडी पूल आहे. गड पाहून सडकेनेंच परतणाऱ्यांनीं या पुलापर्यंत अवश्य उतरावें, व तेथें उभें राहून पूर्वेस महाबळेश्वराच्या कड्याकडे एकदां पाहावें.